कडेचं बटण

बाई तशा भित्र्याच. नवरा स्टुलावर चढून बल्ब बदलायला लागला की यांचा जीव वर-खाली. लेकीचा फोन एकदा वाजून बंद पडला की यांच्या डोळ्यांसमोर लगेच अपघात, दवाखाना, पोलीस, सगळा सिनेमा. झुरळाचं तर सोडाच, झुरळाचं औषध विकायला आलेल्या माणसालाही त्या दार अर्धंच उघडायच्या. पण टाइप करायला बसल्या की या बाईंना जगात कशाचीही भीती वाटत नसे. ज्या दिवशी तिथेच वाटली, त्या दिवसाची ही गोष्ट आहे.

बाई एका स्कॅन सेंटरमध्ये टायपिस्ट होत्या. लोक मशीनमध्ये आडवे पडायचे, फोटो निघायचे, डॉक्टर आतल्या अंधाऱ्या खोलीत ते फोटो बघत रेकॉर्डरमध्ये बोलायचे, आणि बाई पलीकडच्या खोलीत कानांना हेडफोन लावून ते ऐकत रिपोर्ट टाइप करायच्या. डॉक्टरांचा फॉर्म आटोपशीर होता, एका अवयवाला एक ओळ, अवयवाचं नाव आधीच छापलेलं. बावीस वर्षांत बाईंच्या हातून किती फुफ्फुसं, किती मूत्रपिंडं आणि किती गुडघे गेले असतील, त्याला गणती नाही. त्या डोळे मिटून टाइप करायच्या. डोळे उघडे असले की म्हणे कान नीट काम करत नाहीत. तर्जन्यांखालच्या दोन बटणांवर बारीक उंचवटे असतात, तेवढे चाचपडले की बाकी सगळा मामला बोटांकडे.

सुरुवातीची काही वर्षं डॉक्टर प्रत्येक रिपोर्ट वाचून सही करायचे. पुढे नुसते चाळायला लागले. पुढे तेही सोडलं. "बाईंनी टाइप केलंय ना? मग मी काय वाचायचं त्यात," असं म्हणत ते गठ्ठ्यावर पेन फिरवायचे. बाई वरवर म्हणायच्या, "अहो, एकदा नजर टाका तरी," आणि आतून टम्म फुगायच्या. खरं सांगायचं तर हा दोघांचाही मूर्खपणा होता. पण बावीस वर्षं निभावून गेला, म्हणून सगळे त्याला विश्वास म्हणत.

मग बोटं दुखायला लागली. आधी उजवी करंगळी, मग तिच्या शेजारची. सकाळी उठल्यावर मूठ मिटायची नाही. डब्याचं झाकण उघडायला काउंटरवरच्या वहिनींना हाक मारावी लागायची. बाईंनी मलमं चोळली, शेक दिला, आणि सेंटरमध्ये कुणाला कळू म्हणून दिलं नाही. टाइप करता आलं नाही तर आपण या जगात नक्की कोण?

लेकीला मात्र फोनवरच्या आवाजावरून कळलं. दुसऱ्या शहरात नोकरी करणारी पोरगी, तिनं आईच्या वाढदिवसाला एक खोकं पाठवलं. आत कीबोर्ड. जेमतेम दीड वीत लांब, वायर नाही, आकड्यांचा वेगळा चौकोन नाही, एवढासा. पण उचलला तर चांगला वजनदार. आणि आवाज काय! जुना कीबोर्ड कसा फसफसायचा, हा प्रत्येक अक्षराला खणखणीत उत्तर द्यायचा. बाई तो मांडीवर उशी घेऊन तिच्यावर ठेवायच्या, खुर्चीत मागे रेलायच्या आणि सुरू व्हायच्या. संध्याकाळी पर्समध्ये टाकून घरी घेऊन यायच्या. सेंटरमध्ये ठेवला तर कुणीतरी हात लावेल, ही भीती होतीच.

हात लावला तो घरच्याच माणसानं. बाईंचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे, गल्लीत सगळे त्यांना घड्याळकाका म्हणत. हल्ली लोक घड्याळ बिघडलं की नवीन घेतात, त्यामुळे काकांच्या हातांना काम कमी आणि खाज फार. या कीबोर्डचं प्रत्येक बटण उपटून काढता येतं, त्याखालचा स्विच चिमट्यानं वर ओढता येतो आणि तो उघडला की आत एक इवलीशी स्प्रिंग निघते, हे कळल्यावर काकांची भूक-तहान हरपली. डोळ्याला भिंग लावून त्यांनी अडुसष्टच्या अडुसष्ट स्विच उघडले, बारीक ब्रशनं ग्रीस लावलं, पुन्हा मिटवले. घड्याळाच्या खोक्यातला स्पंज कापून खाली बसवला, तसा आवाज जरा मवाळ झाला. मग हलक्या स्प्रिंगा मागवल्या. "तुझ्या बोटाला नुसतं टेकवलं की उमटलं पाहिजे," असं म्हणायचे. काकांना प्रेम बोलून दाखवता येत नसे, ते स्प्रिंगांमधून यायचं.

बाईंची करामत वेगळी. कीबोर्डबरोबर एक प्रोग्रॅम आला होता. त्यात कुठल्याही बटणावर हवं ते काम लावता यायचं. आता रिपोर्टांतल्या दहा ओळींपैकी सात ओळी एकच असतात: "काही दोष दिसत नाही." बाईंनी विचार केला, हे आपण दिवसातून दोन-अडीचशे वेळा का बडवायचं? त्यांनी एका रविवारी बसून ते वाक्य कडेच्या एका बटणावर बसवलं. एन्टरच्या उजव्या बाजूला लागून असलेलं, ज्याला त्यांनी जन्मात कधी हात लावला नव्हता ते. आणि नुसतं वाक्य नाही. आधी त्या ओळीवर जे काही असेल ते पुसायचं, मग वाक्य लिहायचं, मग खालच्या ओळीवर जायचं. तिन्ही कामं एका दाबात. फॉर्ममध्ये आधीच्या माणसाचं काही उरलेलं असलं तर ते आपोआप साफ व्हावं, एवढाच त्यामागचा हेतू. पहिल्या दिवशी बाई तासभर लवकर घरी आल्या आणि काकांना म्हणाल्या, "हात नवे झाले हो माझे."

हे सगळं छान चाललं होतं. त्या मंगळवारी दुपारपर्यंत.

मंगळवारी दुपारी एक रिटायर्ड मास्तर काठी टेकत काउंटरवर आले. वहिनींनी बाईंना बाहेर बोलावलं. मास्तर हसतच होते.

"बाई, तुमच्या डॉक्टरांनी मला काल स्क्रीनवर दाखवलं, म्हणाले गुडघ्यातली गादी पार झिजलीय. आणि इथं लिहिलंय, काही दोष दिसत नाही. मी बायकोला म्हटलं, बघ, सेंटरमध्ये नुसतं जाऊन आलो तर बरा झालो! पण जिना काही चढता येईना."

वहिनी हसल्या. मास्तर हसले. बाईही हसायला गेल्या, आणि हसता हसताच थांबून त्यांनी तो रिपोर्ट मास्तरांच्या हातातून घेतला.

कारण ते वाक्य त्यांनी टाइप केलेलं नव्हतं. झिजलेली गादी त्यांना चांगली आठवत होती. ती ओळ त्यांनी पूर्ण लिहिली होती आणि एन्टर दाबलं होतं.

आत येऊन त्यांनी कीबोर्ड मांडीवर घेतला आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून टाइप केलं. गुडघ्याच्या ओळीत गादी झिजलेली, एन्टर. नीट उमटलं. पुन्हा. नीट उमटलं. नवव्या वेळी आखडलेली करंगळी एन्टरवर पडायच्या ऐवजी कडेच्या बटणाला जराशी घासून गेली, कळलंही नाही इतकी. लिहिलेली ओळ डोळ्यांदेखत गायब झाली आणि तिच्या जागी आलं: काही दोष दिसत नाही.

बाईंना पहिल्यांदा आठवली ती काकांची शनिवार संध्याकाळ. चहा घेताना काका म्हणाले होते, "त्या कडेच्या बटणाला सगळ्यात हलकी स्प्रिंग टाकलीय गं. करंगळीला त्रास नको." म्हणजे सोमवार आणि आजची सकाळ. अठ्ठावन्न रिपोर्ट. अठ्ठावन्न माणसं घरी जाऊन काय वाचत असतील?

शहाण्या माणसानं तेव्हाच उठून डॉक्टरांकडे जायला हवं होतं. बाई गेल्या नाहीत. भीतीनं माणूस आधी दार लावून घेतो. बाईंनी खरोखरच खोलीचं दार लावलं, हेडफोन चढवला आणि सोमवारचं पहिलं रेकॉर्डिंग लावलं. आपणच शोधायचं, गुपचूप दुरुस्त करायचं, नवा रिपोर्ट पाठवायचा, छपाईची चूक म्हणायचं. डबा तसाच राहिला. तीन वाजेपर्यंत बावीस रिपोर्ट तपासून झाले. दोन चुकलेले निघाले. एकात पित्ताशयातला खडा, एकात मणक्याची जुनी कुरबुर. दोन्ही ठिकाणी काही दोष नाही. फार वाईट नव्हतं. बाईंना जरा श्वास घेता आला. खात्री करून घ्यावी म्हणून त्यांनी घरी फोन लावला.

"अहो, ती कडेची स्प्रिंग तुम्ही शनिवारी बदललीत ना?"

"शनिवारी? छे! बुधवारी. तू बाजारात गेली होतीस तेव्हा."

"पण तुम्ही मला शनिवारी सांगितलंत."

"सांगितलं शनिवारी. म्हटलं बघू, हिला आपणहून कळतंय का. तीन दिवस गेले तरी तू काही बोलेनास, मग शेवटी सांगून टाकलं. का गं? हलकं पडतंय ना?"

"हो," त्या म्हणाल्या, "हलकं पडतंय."

"मग! मी म्हटलं नव्हतं?" काका इतके खूश झाले की बाईंनी फोन ठेवला तरी ते पलीकडे बोलतच असणार.

बुधवारी संध्याकाळी स्प्रिंग. म्हणजे गुरुवार, शुक्रवार, शनिवारसुद्धा. अठ्ठावन्न नव्हेत, दीडशेच्या वर. आणि त्याहून वाईट एक गोष्ट बाईंना खुर्चीत बसल्या बसल्या आठवली. सेंटरच्या मशीनवर रेकॉर्डिंग पाच दिवसच राहायची. त्यानंतर रोज संध्याकाळी सहाला जुन्या दिवसाची आपोआप पुसली जायची. आज गुरुवारची जाणार होती. ते थांबवायचा पासवर्ड फक्त डॉक्टरांकडे होता.

बाईंनी सोमवार तिथेच सोडला आणि गुरुवार लावला. डॉक्टरांचा आवाज दुप्पट वेगानं पळवला. तो कार्टूनमधल्या उंदरासारखा चिरका झाला, एरवी त्यांना हसू आलं असतं. एक, दोन, पाच, आठ. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून त्या दर मिनिटाला बघत होत्या. अकराव्या रेकॉर्डिंगला त्यांनी मशीन थांबवलं, मागे नेलं, आणि साध्या वेगानं लावलं.

"उजवं फुफ्फुस," डॉक्टर सांगत होते, "वरच्या भागात दोन सेंटिमीटरची गाठ, कडा खडबडीत. पुढची तपासणी लवकर व्हावी."

रिपोर्टमध्ये होतं, उजवं फुफ्फुस, काही दोष दिसत नाही.

नाव बघायची गरजच नव्हती. शुक्रवारी वहिनी रजेवर होत्या म्हणून पाकिटं द्यायला बाईच काउंटरवर बसल्या होत्या. बस चालवणारी एक बाई ड्युटीच्या कपड्यांतच आली होती. चाळिशीच्या आतली, केस घट्ट बांधलेले. पाकीट तिनं तिथेच फाडलं, उभ्या उभ्या वाचलं आणि भिंतीला टेकली. मग विचारलं, "हे तुम्ही टाइप केलंत?" बाई हो म्हणाल्या. त्या ड्रायव्हरबाईनं त्यांचा उजवा हात दोन्ही हातांत घेऊन इतका घट्ट दाबला की करंगळीतून कळ गेली. "दोन महिने झोपले नव्हते हो मी," ती म्हणाली होती. बाईंनी तिचे आभार मुकाट्यानं घेतले होते. वर घरी जाऊन काकांना सांगितलंही होतं, की आपल्या कामानं लोकांना कसा आनंद होतो.

बाई उठल्या, बेसिनपाशी गेल्या, नळ सोडला आणि पुन्हा बंद केला. साडेचार वाजले होते.

इथे मी बाईंची बाजू घेणार नाही. त्यांच्या मनात जे आलं ते आलंच. ड्रायव्हरबाईचा एक रिपोर्ट गुपचूप दुरुस्त करून पाठवता येत होता. बाकीची गुरुवारची रेकॉर्डिंग दीड तासात आपोआप जाणार होती, आणि त्यांच्याबरोबर पुरावाही. कुणालाही कधीही काही कळलं नसतं. नोकरी राहिली असती, मान राहिला असता. काकांनाही कधी कळलं नसतं की त्यांच्या स्प्रिंगेनं काय केलं. बाई या विचाराशी पुरती दहा मिनिटं बसल्या, आणि त्या दहा मिनिटांची लाज त्यांना पुढे जन्मभर वाटली.

पण गुरुवारची एकोणतीस रेकॉर्डिंग अजून ऐकायची होती. त्यात अशी आणखी एखादी असली तर? ती कोण, हे सहा वाजून एक मिनिटानं कुणालाच शोधता आलं नसतं. ही भीती नोकरीच्या भीतीपेक्षा मोठी निघाली. बाईंनी कीबोर्ड छातीशी धरला आणि डॉक्टरांच्या खोलीत गेल्या.

डॉक्टर नेहमीप्रमाणे गठ्ठ्यावर सह्या करत होते. बाईंनी उभ्यानंच सगळं सांगितलं, काहीच्या काही क्रमानं. आधी स्प्रिंग, मग मास्तर, मग बस. डॉक्टर सुरुवातीला हसले. "अहो बाई, एवढ्याशा बटणाचं काय घेऊन बसलात?" मग बाईंनी अकरावं रेकॉर्डिंग आणि त्याचा रिपोर्ट शेजारी शेजारी लावून दाखवला. खाली डॉक्टरांची सही होती, ऐटबाज, शेपटीवाली.

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. ओरडतील म्हणून बाईंनी खांदे आक्रसून घेतले होते. डॉक्टर ओरडले नाहीत. त्यांनी आधी पासवर्ड टाकून पुसणं थांबवलं. मग हळूच विचारलं, "बाई, मी शेवटचा रिपोर्ट वाचला कधी होता?"

बाईंना आठवेना. डॉक्टरांनाही आठवेना. सही झालेला वरचाच रिपोर्ट उचलून ते बोट ठेवून ओळ न ओळ वाचायला लागले, आणि बाईंना वाटलं, आता या खोलीत आपल्याइतकाच घाबरलेला आणखी एक माणूस आहे. त्यानं धीर आला नाही. उलट आता सावरायला कुणीच उरलं नाही असं वाटलं.

"चूक माझ्या हातची आहे," बाई म्हणाल्या. "उद्यापासून येऊ नको म्हणालात तरी..."

"ते नंतर," डॉक्टर म्हणाले. "नंबर द्या त्यांचा. फोन मी करतो."

फोन त्यांनी स्पीकरवर ठेवला. पलीकडे इंजिनांची घरघर, कुणीतरी शिट्टी मारतंय, हसणं. डेपो असावा. "बोला डॉक्टरसाहेब!" ड्रायव्हरबाईचा आवाज मोकळा होता. डॉक्टरांनी सगळं सांगितलं. रिपोर्ट चुकला, क्षमा करा, उद्या सकाळी या, पुढची तपासणी मी स्वतः ठरवतो, अजून वेळ गेलेली नाही. नीट सांगितलं, काही लपवलं नाही. पलीकडे नुसती घरघर चालू राहिली.

"त्या टाइप करणाऱ्या बाई आहेत का तिथे?"

"आहेत."

"त्यांना द्या."

बाईंना वाटलं, आता शिव्या. त्या पुढे झाल्या. शिव्या चालल्या असत्या, त्यांची त्यांना तेव्हा खरोखर गरज होती.

"मी आहे," त्या म्हणाल्या. "माझ्यामुळेच..."

"बाई, डॉक्टर काय बोलले ते माझ्या डोक्यात शिरलंच नाही. नुसता आवाज ऐकू येत होता. ती ओळ असेल ना तुमच्याकडे? खरी?"

"आहे."

"वाचा."

बाईंनी कागदाकडे बघितलं. अशा हजारो ओळी त्यांच्या बोटांखालून गेल्या होत्या, आणि त्यातली एकही त्यांनी कधी कुणा जिवंत माणसाला तोंडानं सांगितली नव्हती. डोळे मिटायची सोय नव्हती. त्यांनी एका दमात वाचून टाकली.

"असं भरभर नको," ड्रायव्हरबाई म्हणाली. कागद फाडल्याचा आवाज आला. "हळू वाचा. लिहून घेते."

बाई पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागल्या, प्रत्येक शब्दाला थांबत, पलीकडून "हं" आला की पुढे जात. उजवं. हं. फुफ्फुस. हं. वरच्या भागात. हं. दोन सेंटिमीटरची. हं. "गाठ" म्हटल्यावर "हं" यायला फार वेळ लागला.